बैठक: सहा अंश

आई आता ड्रामेनच्या वृद्धनिवासात असते,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे ऊब भिंतीतूनच येते
आणि कुणाकडे मागावी लागत नाही.

डोंगरातल्या लाकडी घरात
बाबांनी बसवलेली पेटी मात्र अजून आहे,
फ्यूजबोर्डाशेजारी, साबणाच्या वडीएवढी,
पोटात एक सिमकार्ड.
तिला लिहायचं: चालू.
ती कळवते: बैठक सहा अंश. हीटर चालू.
याहून जास्त तिला बोलता येत नाही.
बाबांनाही येत नसे.

दर शुक्रवारी कामावरून निघताना
ते अंगठ्याने तो एक शब्द टाकायचे,
मग तीन तासांच्या रस्त्यावर
मागच्या सीटवर आम्ही भांडायचो,
आता घर किती अंशांवर आलं असेल यावरून.

जानेवारीचं बिल आलं तेव्हा चमकले.
नोव्हेंबरपासून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं.
नळ फुटू नयेत एवढ्यापुरतं
पाच-सहा अंशांवर ठेवलेलं घर,
मग एवढी वीज खाल्ली कुणी?
उंदीर असतील, स्वेरे म्हणाला.
माझा भाऊ सगळं उंदरांवर ढकलतो.

पेटी तीनच नंबरांचं ऐकते.
माझा, स्वेरेचा,
आणि आईचा जुना फोन,
ज्याचं झाकण रबरबँडने धरून ठेवलंय.

काही विचारलं नाही. शुक्रवारी निघाले.
नेस्ब्यूएननंतर बर्फ,
फाटकापासून पुढे फावड्याने वाट.
कोल्ह्याची पावलं पायरीपर्यंत आलेली,
तिथून परत गेलेली.
कुलूप बोटाला चिकटत होतं,
आणि दार ढकललं तर आत
एकोणीस अंश,
तापलेल्या धुळीचा वास,
आणि खिडकीत माश्या.

शरदात फटींमध्ये शिरून झोपलेल्या,
एका शब्दाने उठवलेल्या,
बाहेरच्या उणे बावीसकडे
काचेवर धडका देत निघालेल्या.
मी त्यांना मारलं नाही.
खिडकी उघडण्याचा तर प्रश्नच नव्हता.

शेगडीत बर्चची लाकडं घातली,
कोट न काढता बसून राहिले.
साडेनवाला पेटीवरचा हिरवा ठिपका लुकलुकला:
कुणीतरी विचारत होतं, किती?
पेटीने कळवलं असणार, चोवीस.
हीटरला एकट्याने चोवीस कधी जमलं नव्हतं.

दोन मिनिटांत माझा फोन वाजला.
"थुरिड, तू वर आहेस ना?"
हो म्हटलं.
"बिल मी भरणार होते."
असू दे, म्हटलं.
मग बराच वेळ तिच्या खोलीतल्या
टीव्हीचा आवाज.
"माश्या उठल्यात का?"
उठल्यात.
"त्यांना साखरेचं पाणी ठेव बशीत.
तुझे बाबा ठेवायचे.
तुम्ही झोपल्यावर."

डबा वरच्या फळीवर सापडला.
साखरेचा दगड झाला होता.
सुरीने खरवडत बसले.