रकाना क्रमांक सात

उंबराच्या मुळाखालून तो निघतो,
म्हणजे निघतो असं म्हणायचं; तिथं नुसती माती ओली
आणि एक बेडूक.
मी वहीत लिहिलं : उगम. दगडावर खडूची खूण.
सुमरती जांबेकर कमरेला विळा खोचून पुढं उभी.
"निघते तं डोंगराच्या पोटात, साहेब.
इथं फक्त दिसते."

पहिले शंभर हात अस्वलांचे.
मग तो सागाच्या वाळल्या पानांखाली शिरतो,
आवाज तेवढा राहतो,
पलीकडच्या घरात कुणी कुटकी पाखडावी तसा.
मग खडक, खडकात चुलीएवढा डोह.
इथं भिलाव्याचे हात बुडवायचे नाहीत.
इथलं पाणी बाळंतिणीच्या पहिल्या न्हाणाला.
म्हशी वीस पावलं खाली.
कुणी वर नेल्या तर कालू धिकारची म्हातारी
अजून काठी घेऊन येते, डोळे गेले तरी;
तिला शेणाचा वास पाण्यात येतो.

रकान्यात मी लिहितो : पिणे. जनावरे. सिंचन.
सिंचन म्हणजे बुडाजीचं डिझेल इंजिन,
पौषात हरभऱ्याला दोन पाणी,
आणि पाइपाच्या तोंडाला बायकोच्या लुगड्याचं फडकं,
मासोळीची पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून.
खेकडे कुठं लिहू?
अंबाडी कुजवतात तो काळा, घाण वासाचा खड्डा?
शाळा चुकवलेल्या पोरांची दुपार?
'इतर' लिहिलं. रकाना एक इंच रुंद.

सुमरतीनं टाचेतला काटा काढला, पाय प्रवाहात धरला.
पाणी थोडं लाल झालं,
मग नाही.

ढाण्याच्या खाली नाला वाळूत बुडतो.
बाया वाटीनं झिरा उकरत बसलेल्या.
पहिली वाटी गढूळ, ती वाळूलाच परत.
दुसरी गढूळ, तीही.
तिसरी हंड्यात.
एका हंड्याला किती वेळ लागतो, मी विचारलं.
"एक भांडन होते तेवढा," कुणीतरी म्हणालं,
आणि सगळ्या हसल्या, दोघी सोडून.

मी नकाशा पसरला. सिपना जाड निळी,
तिच्यापुढं तापी आणखी जाड.
हा नाला तुटक रेघ.
"तुटक कायले?"
उन्हाळ्यात पाणी नसतं म्हणून, मी म्हणालो.
"असते नं. खाली असते."

रेघ पेनानं काढलेली होती.
उन्हं चढली होती. सुमरतीनं वाटी माझ्यापुढं धरली.
कितवी, ते मी मोजलं नव्हतं.