पायाखालची वाट

आज ओहोटी पावणेसातला.
उद्या साडेसातच्या पुढे. परवा आणखी उशिरा.
ग्योन्के भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवते,
चष्मा कपाळावर, शेगडीवर कॉफी,
आणि त्या आकड्यांप्रमाणे आपली प्रार्थना
रोज थोडी पुढे सरकवते.
"घड्याळ माझं नाही," म्हणते, "चंद्राचं.
त्याच्याशी कोण हुज्जत घालणार?"

समुद्र मागे हटला की उरतं
ते जमीन नव्हे, पाणीही नव्हे.
उत्तर फ्रिसियाचं हे करडं, उघडं अंग.
त्यावर ती अनवाणी उतरते,
एकाहत्तर वर्षांची, स्कर्ट गुडघ्यावर खोचून,
खांद्यावर भूर्जाच्या चार काठ्या.
पलीकडच्या बेटावर ताडे अंथरुणाला खिळलेला.
त्याला एक स्तोत्र वाचून दाखवायचं
आणि भरती वळायच्या आत घरी यायचं.

ताडे देव मानत नाही.
एकाच बोटीवर दोन भाऊ गेले
तेव्हाच त्यानं ते खातं बंद केलं.
स्तोत्र तो डोळे मिटून ऐकतो
आणि संपलं की विचारतो, "ओहळ सरकला का?"
सरकला. पूर्वेला, चाळीस पावलं.
"मग खुणेची काठी हलवलीस?"
हलवली.
तेव्हा कुठे तो "आमेन" म्हणतो.

पायाखालची वाट, आपण सहज बोलून जातो,
म्हणजे सरावाची, झोपेतही चालावी अशी.
इथे वाट खरोखर पायाखालीच असते,
दुसरीकडे कुठेच नाही.
पाऊल उचललं की खळग्यात पाणी भरतं,
आणि दिवसातून दोनदा समुद्र येऊन
पाटी कोरी करून जातो.
चाळीस वर्षं चालून तिच्या नावावर
एक पाऊलही शिल्लक नाही.

वाईट नाही वाटत? मी विचारलं होतं.
ती वाकून गाळातल्या किड्यांच्या वेटोळ्या बघत होती,
शेवया घालाव्यात तशा, ताज्या, ओल्या.
"यांना विचार," म्हणाली.
"रोज मोडतं. रोज घालतात."

मग मार्चमधलं ते धुकं.
अर्ध्या वाटेवर काठ्या नाहीशा झाल्या,
मग हात, मग हातातली पिशवी.
मागून कुठूनतरी पाण्याचा बारीक आवाज,
कुणी कागद दुमडत असावं तसा.
आम्ही किनाऱ्यावर घंटा बडवत होतो
आणि ती घंटा तिला चारी बाजूंनी ऐकू येत होती.

ती आली. कमरेपर्यंत भिजून, दीड तासानं.
शेजाऱ्यांना चमत्कार हवा होता.
देव बोलला का? कुणी हात धरला?
"नाही," ती म्हणाली. "काहीच ऐकू आलं नाही.
वाळूवरच्या वळ्या वाऱ्याला आडव्या असतात,
त्या तळव्यांना आडव्या लागेपर्यंत चालले.
डावा पाय बधिर झाला होता, म्हणून
उजव्यावर विश्वास ठेवला."
आणि भीती?
"होती ना. ती काय, सोबतच चालत होती."

ऑक्टोबरात ताडे गेला.
पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी दुपारी होती.
ग्योन्के नेहमीसारखी दाराशी, स्कर्ट खोचलेला.
आता कुणाकडे? असं विचारायचं माझ्या ओठांवर होतं,
तेवढ्यात तिनं दोन काठ्या माझ्या खांद्यावर दिल्या.
"वादळ झालं परवा. ओहळ हलला असेल."

हलला होता. चांगला साठ पावलं.
जुनी काठी उपटली, नवी रोवली,
मनगटापर्यंत हात गाळात, नाकाला मीठ.
तिथेच उभ्यानं तिनं स्तोत्र वाचलं,
वाऱ्यात अर्धे शब्द गेले.
मग ती थांबली. थांबूनच राहिली,
पलीकडच्या बेटाकडे बघत.
मला कळायला जरा वेळ लागला
की तिला एक शब्द कमी पडतोय.

मी तो म्हटला. माझा त्यावर विश्वास आहे की नाही,
ते तेव्हा मला माहीत नव्हतं, आजही नाही.
काठी मात्र मी वाकडी रोवली होती.
तिनं ती काढून पुन्हा रोवायला लावली.