काच नंबर एकतीस

सोमवारी पहाटे गेथिन बादली देतो.
बर्फावर सहा जोड्या, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेला नंबर.
"नाहीतरी कुत्र्यांनाच जाणार होतं," म्हणतो
आणि माझ्याकडे न बघता पावतीवर सही घेतो.
ॲबरिस्टविथमध्ये अजून दिवे आहेत,
समुद्र ऐकू येतो, दिसत नाही.
बसमध्ये शेजारचा म्हातारा विचारतो, मासे?
हो, म्हणते मी.

या अवयवाला माझ्या भाषेत दोन शब्द:
एक पुस्तकातला, वृषण, सोवळं नेसून बसलेला,
दुसरा चौकातला, भांडणातला, कायम अनेकवचनी.
मधला शब्दच नाही.
म्हणून आईला सांगते, मेंढ्यांवर काम करते.
लोकर का गं?
नाही, आतून.

तुकडे पिवळ्या द्रावात बुडवले.
हातमोज्याला भोक होतं, तीन दिवस बोटं हळदीची.
मेलेरी विचारते, लग्न कधी?
तिला हळदीचं कुणी सांगितलं कोण जाणे.

मग मेण, मग पातं,
केसाहूनही बारीक काप, कोमट पाण्यावर तरंगणारा,
ब्रशने काचेवर ओढून घ्यायचा, श्वास धरून.
कुठल्याशा सशाच्या रक्ताला
एक प्रथिन ओळखायला शिकवलं आहे कुणीतरी.
रात्रभर, चार अंशावर, ते थेंब काचांवर बसून राहतात
ओळखीचं कुणी निघतंय का बघत.

भिंगाखाली नळ्या, आडव्या कापलेल्या,
कासाराच्या पेटीत दाबून बसवलेल्या बांगड्या.
प्रत्येकीच्या कडेला उंच पेशी, पाय रोवून,
अंगाखांद्यावर पोरं: गोल, मग लांबट, मग शेपटीवाली,
मधल्या पोकळीकडे सरकणारी.
जिथे प्रथिन तिथे तपकिरी, सांडलेला चहा वाळावा तसं.
बाकी निळं.
आणि एका नळीला दाट तपकिरी कड,
तिला चिकटलेल्या नळीत काहीच नाही.
मेंढा तोच, क्षण तोच,
नळीनळीचं घड्याळ वेगळं.

ऑक्टोबरच्या मेंढ्यात गडद.
मेमधल्यात पुसट, ऊस तोडून नेलेलं रान.

अप्पा दहिवडीला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते.
लांब दांड्यांचा चिमटा,
कातडी न फाडता आतली शीर चिरडणारा.
कट्.
मेंढा ओरडायचा नाही, तोंड उघडं टाकून उभा.
अप्पा मनात तीस मोजायचे, मग दुसरी बाजू.
वहीत: खच्ची, मेंढे चौदा, बोकड नऊ, खोंड दोन.
त्याच वह्यांच्या कोऱ्या पानांवर मी पाढे गिरवले.

शून्य, एक, दोन, तीन.
किती तपकिरी ते डोळ्यांनीच ठरवायचं,
मेलेरीने वेगळं, मी वेगळं, नंबर झाकून.
साठातल्या चोपन्न जुळल्या.
एकतीसवर ती म्हणते एक, मी म्हणते तीन.
चष्मा पुसून बघितलं. तीन.

रविवारी अप्पांना फोन केला.
आईने फोन हातात दिला नि ती चुलीकडे गेली.
मी पुस्तकातला शब्द वापरला. कळला नाही.
मग दुसरा, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे.
तिकडे घसा खाकरला. इकडे मी खिडकीबाहेर बघितलं.
मग ते म्हणाले, दात किती होते?
काय?
मेंढ्याला. दोनदाती का चारदाती?
ते न बघता कसलं मोजताय तुम्ही?

माझ्या वहीत सगळं आहे:
वजन, तारीख, त्या दिवशीचा उजेड किती तास,
ससा कुठल्या कंपनीचा.
दात नाहीत.

सोमवारी बादली घेताना गेथिनला विचारलं.
तो पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघतो,
पावती काखेत धरतो,
आणि बोटाने आपलाच खालचा ओठ ओढून
दाखवतो, असे,
चार.