लिफ्टमधला कागद

लिफ्टमध्ये कागद मीच चिकटवला.
ऑफिसातल्या पोरीने चिकटपट्टी दिली, म्हणाली,
प्यो काका, जरा सरळ लावा हं.
सरळ लावला.

वर विषय : पहारेकऱ्यांऐवजी स्वयंचलित यंत्रणा.
खाली घरांचे नंबर, समोर रिकामी चौकट.
गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नको.
दर घराचे दर महिन्याला एकोणीस हजार वॉन वाचतील.
एकोणीस हजारांत काय येतं, मी हिशोब केला :
एक तळलेली कोंबडी. बिअरशिवाय.

इंचॉन, इमारत एकशे सात, मजले पंधरा.
माझी चौकी दोन पावलं बाय तीन,
हीटर, किटली, भाताचं भांडं,
आणि संडासाच्या दाराला टेकलेली खुर्ची,
जिच्यात मी रोज रात्री सहा तास विश्रांती घेतो
असं कागदोपत्री आहे.

कॅमेरे आधीच आलेत. बेचाळीस.
त्यांच्या डोळ्यांत तेल घालावं लागत नाही.
फाटकाचा दांडा गाडीचा नंबर वाचतो आणि उठतो,
माझा हात कपाळापर्यंत पोचेतो
गाडी तळघरात.
यंत्राशी माझं भांडण नाही.
रात्री तीनला ते जागं असतं. मी नसतो, खरं सांगायचं तर.
सायकलचोरही त्यानेच पकडला.
मी फक्त त्या पोराला पाणी दिलं, पोलीस येईपर्यंत.

नऊशे चारच्या योम आजी
दर गुरुवारी कचरा वेगळा करायला उतरतात.
बाटल्या दोनच.
दोन बाटल्यांसाठी कुणी नऊ मजले उतरत नाही.
एका गुरुवारी आल्या नाहीत, तर मी वर गेलो, दार बडवलं.
काही झालं नव्हतं. मालिका बघत होत्या.
चिडल्या, मला मेलीच धरलंस की काय, म्हणाल्या,
मग एक पिकलेला पर्सिमन दिला, सालाला बोट लावलं तर फुटेल असा.

घरी बुन-हीला सांगितलं. ती लसूण सोलत होती.
एकोणिसाव्या वर्षी ती बसमध्ये कंडक्टर होती,
डोक्यावर टोपी, कमरेला नाण्यांची पिशवी.
दारात लोंबकळणाऱ्यांना पाठीने आत रेटायची,
आणि पत्र्यावर दोन थापा :
ओराई!
मग दारं आपलीआपण मिटायला शिकली,
दांड्यावर घंटीचं बटण आलं.
"आमच्या वेळी कागदसुद्धा नाही चिकटवला कुणी," ती म्हणाली.
पाकळी वाटीत टाकली.
"तू तेव्हा काय केलंस?"

मी तेव्हा बसनेच प्लायवूडच्या कारखान्यात जायचो.
दार आपलंआपण मिटलं.
मला आवडलं होतं ते.
वारा कमी लागायचा.

हे तिला सांगितलं नाही. लसूण सोलू लागलो.

आज सकाळी एकतीस गोल, बावीस फुल्या.
नऊशे चारसमोर गोल.
थरथरलेला, नीट न मिटलेला, पण गोलच.
एकोणीस हजार म्हणजे त्यांचं गुडघ्याचं औषध, मला ठाऊक आहे,
पाकीट मीच तर वर नेऊन देतो.
खिशात पेन होतं. ते खिशातच राहिलं.
पट्टी एका कोपऱ्यात सुटली होती, ती दाबली.

बाहेर रात्रभर बर्फ पडलेला.
फाटकाशी गाडी अडकली, हॉर्नवर हॉर्न.
दांडा हलेना. यंत्राचा डोळा बर्फाने बुजलेला.
मी झाडू टेकवून ठेवला, बाहीने तो डोळा पुसला,
मग गाडीचा नंबर पुसला,
एकमेकांना दिसले तसा दांडा उठला.
बॉनेटवर दोन थापा मारल्या
आणि तोंडातून निघून गेलं : ओराई!

ड्रायव्हर तरुण. त्याने काच खाली केली.
"काय झालं काका," म्हणाला, "काही तुटलं का?"