सत्त्याण्णव वॅट-अवर

एकतीस वर्षं लोकांचे युनिट मोजले मी,
काँग्रेसनगरच्या ऑफिसात, खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर.
त्यामुळे पाण्याखालच्या स्कूटरवर हात ठेवून
दुकानदार "एक तास चालते, मॅडम" म्हणाला
तेव्हा मी नुसता चष्मा पुसला.
एक तास, पण कुठल्या वेगाला? कुणाला ओढत?
माझ्यासारख्या बहात्तर किलोला,
की जाहिरातीतल्या त्या सडपातळ पोराला?

वीजबिलाच्या पाठीवर आकडे मांडले.
पहिली दणकट, अठरा किलो,
बॅटरी एवढी की विमानात कुणी घेणार नाही.
दुसरी पोपटी, स्वस्त,
प्रवाह समोरून आला की जागच्या जागी घरघरणारी.
तिसरी दिसायला काहीच नाही,
मिक्सरचं भांडं आडवं ठेवल्यासारखी.
पण बॅटऱ्या दोन, सुट्या निघणाऱ्या,
प्रत्येकी सत्त्याण्णव वॅट-अवर.
शंभराच्या आत.
तीन युनिटांनी स्लॅब चुकवणारं गिऱ्हाईक
काउंटरवर का हसतं, ते त्या दिवशी कळलं.

खरं कारण गुडघा. डावा.
मागच्या साली मालवणला सगळे पुढे निघून गेले,
मला दिसत होते फक्त त्यांचे बुडबुडे.
मग तो गाईड, रुजाय, परत आला
आणि रस्ता ओलांडून द्यावा तसा माझा हात धरला.
उपकार आहेत त्याचे.
पण समुद्र पाहिला तो त्याच्या वेगाने.
एका निळ्या माशापाशी मला थांबायचं होतं.

चाचणी कळमेश्वरला, भावाच्या विहिरीत.
धनराज दोर धरून काठावर उकिडवा बसलेला.
"हे पानी वर फेकते का वं?"
नाही.
"मंग कायची मोटर हाय ही?"
मी बटण दाबलं.
विहिरीत सरळ जाता येत नाही, नुसतं गोल.
कपारीतली कबुतरं फडफडून वर गेली,
मी खाली, घाण्याच्या बैलासारखी अकरा फेऱ्या,
आणि गुडघा गप्प.
बाराव्या फेरीला टॉर्चमध्ये चमकलं काहीतरी,
चिखलात तोंड खुपसून बसलेलं.
वहिनीची कळशी. लग्नातली.
सत्तावीस वर्षांपूर्वी दोर तुटून पडलेली,
त्यावरून झालेलं भांडण अजून न संपलेलं.
वर काढली तेव्हा धनराज बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "हां. कामाची हाय."

एक हिशेब राहिला होता.
विहिरीत ती हलकेच बुडते,
खाऱ्या पाण्यात वर उसळेल.
गोड्यात तोललेलं खाऱ्यात टिकत नाही,
हे मला सासरी गेल्यापासून माहीत आहे.
म्हणून इतवारीतून शिशाचे मणी आणले,
ढिवर जाळ्याच्या काठाला ओवतात तसले,
आणि मोज्यात भरून ठेवले.

सोनेगावला पहाटे सव्वापाच.
स्कूटरचं धड चादरीत गुंडाळून सामानात गेलं.
बॅटऱ्या माझ्यापाशी, वेगवेगळ्या पिशव्यांत,
टोकांना चिकटपट्टी, शेजारी तिखट पुऱ्यांचा डबा.
तपासणीतल्या पोराने एक उचलून हलवली.
"ये क्या है, आंटी? कूलर का पंप?"
एप्रिल आहे, त्याचा दोष नाही.
मी छापून आणलेला कागद पुढे केला.
त्याने आकडा मोठ्याने वाचला, साहेबाला बोलावलं.
साहेब भंडाऱ्याकडचे असावेत.
कागद बघितलाच नाही त्यांनी.
हळूच विचारलं, "पाण्यात शॉक नाही लागत, ताई?"
एकतीस वर्षं हाच प्रश्न.
नीट समजावून सांगितलं. मागे रांग वाढत गेली.

विमान वळलं तेव्हा खाली अंबाझरी,
बशीत सांडलेल्या चहाएवढा.
पाय लांब करायला जागा नाही,
गुडघा कुरकुरतोय. कुरकुरू दे.
पायाशी पर्स, पर्समध्ये एकशे चौऱ्याण्णव.
एक पंखा अडीच तास फिरेल एवढी वीज.
बाईला किती पुरते
त्याचं मीटर आमच्या खात्याने कधी बसवलं नाही.