झिजेची जागा

कोठावद्यांच्या शर्वनं मला तीन सरळ गेममध्ये झोपवलं.
त्यातला एक चारवर.
म्हणून शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर
बिटको चौकातला तो अरुंद जिना चढलो
आणि अमृतकरांना म्हणालो,
त्या पोराच्या बॅटला आहे तेच रबर द्या.
जाडीसुद्धा तीच.

ते कुणाच्या तरी रॅकेटची तार ओढत होते,
एक टोक दातांत.
तसेच बोलले : बॅट दाखवा.

खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली त्यांनी,
जशी आम्ही प्रेसमध्ये नोट धरतो.
सव्वीस वर्षं नोटा तपासतोय मी.
शाईचा उठाव जरा कमी पडला
तर आधी अंगठ्याला कळतं, मग डोळ्याला.
तोच अंगठा रोज संध्याकाळी
या रबराला टेकलेला असायचा,
आणि त्याला पत्ता नाही
की काळी बाजू एका जागी काच झालीय,
रुपयाएवढी.

"इथेच घेता तुम्ही सगळे चेंडू," अमृतकर म्हणाले,
"टेबलाला चिकटून उभं राहायचं,
बॅट नुसती पुढे धरायची,
समोरच्याचा वेग समोरच्याला परत.
वाईट नाही. पोटापुरतं होतं त्यात."
मग बॅट उलटी केली.
"आणि ही लाल?
ही तर रुखवतातल्या भांड्यासारखी आहे, साहेब.
मांडून ठेवलेली."

फोरहँड निरभवणे मारायचा.
अठरा वर्षं डबल्स.
मी चेंडू ठेवायचो, तो मारायचा,
हॉलभर आवाज त्याचा.
मार्चमध्ये रिटायर झाला, मुलीकडे बडोद्याला गेला.
हे काही मी अमृतकरांना सांगितलं नाही.

कोपऱ्यातून नख घालून
त्यांनी दोन्ही रबरं सोलून काढली.
उघडं लाकूड मी कितीतरी वर्षांनी पाहिलं.
पाच थर, कडेला घामानं काळवंडलेले.
त्यावर चेंडू टाकला, कान जवळ नेला,
पुन्हा टाकला.
"मऊ आहे. चेंडू क्षणभर धरून ठेवतं.
त्या पोराचं कार्बनचं, ते थांबत नाही कुणासाठी.
त्याचं कडक रबर तुम्हाला दिलं
तर पूर्ण हात फिरवल्याशिवाय
स्पंज जागाच होणार नाही.
आणि हात तर तुम्ही फिरवत नाही."

बॅकहँडला एक पूर्णांक आठ, शांत रबर,
कुणाचीही फिरकी फारशी मनावर न घेणारं.
यावर आमचं एकमत झालं.
फोरहँडला मी तेच मागितलं.
ते म्हणाले, नाही.
दोन मिलिमीटर, मध्यम स्पंज, वरचा पत्रा चिकट :
नुसतं धरलंत तर चेंडू जाळीत,
खालून वर घासलात तरच पलीकडे.
"रबर खेळाला शोभेल असं घ्यावं हे खरं,
पण दोन बाजू आहेत ना बॅटला."

गोंद लावला. वास सगळ्या जिन्यात.
जानेवारीची थंडी, सुकायला वेळ लागत होता;
खाली जेलरोडच्या रिक्षा ओरडत होत्या,
त्यांनी चहा मागवला, अर्धा मला.
पांढरा गोंद पारदर्शक झाल्यावर
मुठीकडून चिकटवत नेलं, वरून बेलन फिरवलं
(खरोखरचं बेलन, घरून आणलेलं),
आणि कात्री एका दमात गोल.
लाल कातरण टेबलावरून खाली लोंबत राहिली.
मी ती खिशात का टाकली, माहीत नाही.

पैसे मोजून दिले.
एक नोट त्यांनी उजेडात धरली,
मग माझ्याकडे बघून ओशाळले.

जिन्यावरून हाक मारली मागून :
"दोन आठवडे हराल हं. सगळ्यांशी.
चालेल ना?"

काल भावसार बाईंशी हरलो,
त्यांच्या गुडघ्याला पट्टा आहे.
सहा चेंडू जाळीत, चार छताकडे,
एक मात्र असा काही गेला
की त्या वळून मागच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

हरतोय.
आज नववा दिवस.