देवमण

मार्गशीर्षातली थंडी. सारंगखेड्याच्या यात्रेत
तापीवरचं धुकं
घोड्यांच्या नाकपुड्यांतून पुन्हा बाहेर पडतंय.
दलाल विचारतो, शर्यतीला की वरातीला?

गुलशेर तडवी बोलत नाही.
बावीस वर्षं प्रयोगशाळेचा तबेला सांभाळतोय.
त्याला चाल नको, नाच नको,
पंचकल्याणी आहे की अबलख, तेही नको.
घोडीच्या मानेवर अंगठा दाबून
शीर फुगायची वाट बघतो.

"घटसर्पासाठी," शेवटी मीच सांगते.
दलाल हसतो. मग हसत नाही.

घटसर्प.
हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं बघितला असणार
पोराच्या घशात चढत जाणारा राखाडी पडदा.
माझ्या आईनं बघितला, बामखेड्यात, नऊ वर्षांची असताना.
"भाऊना गयामा साप बठना,"
एवढंच सांगते,
आणि चुलीतलं लाकूड उगाच मागे ओढते.

आम्ही साप मारत नाही.
त्याचं विष फॉर्मॅलिनमध्ये घालून
महिनाभर उबेत ठेवतो.
दात पडतात, चेहरा राहतो.
तो चेहरा रक्ताला दाखवायचा,
की रक्त विसरत नाही.

सांगायला सोपं.
भाद्रपदात अख्खा घाणा ओतून दिला,
एका गिनीपिगनं सकाळी गाजराला तोंड लावलं नाही म्हणून.
सात महिन्यांचं काम, मोरीतून गेलं.
मी घरी येऊन कळण्याच्या भाकरी थापल्या,
एकही गोल झाली नाही.

आता नवी लस. तिचं माप घ्यायला
जुनंच प्रतिविष लागतं,
आणि ते अजून घोड्याच्याच रक्तातून येतं.

दलाल घोडीची मान वळवून दाखवतो:
"हा भोवरा बघा, ताई. देवमण.
असली घोडी दारात असली की घराला काही होत नाही."
गुलशेरचा अंगठा देवमणापासून चार बोटांवर,
शिरेवरच.

उपरण्याखाली बोटं धरली जातात, सोडली जातात.
सौदा होतो.
दलाल दावं हातात देतो, पण लगेच सोडत नाही.
"तिला दुखंल का?"

गुलशेर माझ्याकडे बघतो.
हो, म्हणाले मी.
एक रात्र ताप येईल. पाणी कमी पिईल.
गुलशेर तिच्यापाशीच झोपतो त्या रात्री.

दलालानं दावं सोडलं.
घोडीनं माझ्या बाहीचा वास घेतला,
आणि शिंकली.